आधी आत, मग बाहेर

दुरुस्तीच्या टेबलाचा खण उघडला की त्यात दोन तऱ्हेची हत्यारं दिसतात. एक दुकानातून आणलेली: स्क्रू ड्रायव्हर, नोजप्लायर, चिमटे, सोल्डरिंग आयर्न. दुसरी कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. जुन्या ट्रान्झिस्टरच्या एरियलचा दोन इंची तुकडा, टोक घासून बोथट केलेली इंजेक्शनची सुई, सरळ केलेल्या स्टेपलरच्या पिना, एक्स-रे फिल्मची कापलेली पट्टी, मोडक्या टूथब्रशची दांडी, सायकलच्या ट्यूबचा रबरी तुकडा, टोकाशी आकडा केलेला स्पोक. मुंबईचा लॅमिंग्टन रोड घ्या, पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली घ्या, नाहीतर तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचं मोबाइलचं दुकान. थोड्याफार फरकाने खण असाच. नवख्याला ते भंगार वाटतं. पण यातली प्रत्येक वस्तू कुठल्यातरी कनेक्टरचं लॉक सोडवण्यासाठी मापाने बेतलेली असते.

यंत्र दुरुस्त करायचं तर आधी उघडावं लागतं आणि उघडायचं म्हणजे आतल्या जोडण्या सोडवाव्या लागतात. बिघाड शोधणं, भाग बदलणं या पुढच्या गोष्टी. पुष्कळ दुरुस्त्या या पहिल्याच पायरीवर फसतात. मूळ बिघाड एखाद्या किरकोळ भागाचा असतो. तिथवर पोचेपर्यंत खटका तुटतो, पिन वाकते, बोर्डावरचा तांब्याचा मार्ग उखडतो. मग गिऱ्हाइकाला सांगितलं जातं, बोर्डच गेला. खरं म्हणजे बोर्ड गेलेला नसतो, घालवलेला असतो. हा लेख त्या पहिल्या पायरीविषयी आणि तिच्यासाठी लोकांनी हातच्या वस्तूंतून घडवलेल्या हत्यारांविषयी आहे.

पकड कशाची?

कनेक्टरकडून आपण दोन परस्परविरुद्ध अपेक्षा करतो. गाडी खड्ड्यातून आपटली, वॉशिंग मशीन थरथरलं, तरी तो सुटता कामा नये. आणि आपल्याला हवं तेव्हा मात्र अलगद निघावा. साध्या यूएसबीला लॉक नसतं. धातूच्या पट्ट्यांची दाबपकड एवढाच तिचा आधार. तरीही तिच्या प्रमाणकात जुना चपटा प्लग ओढून काढायला किमान १० न्यूटन बळ लागलं पाहिजे असं लिहिलेलं आहे, म्हणजे साधारण एक किलोचं वजन लटकवण्याइतकं. टाइप-सी नवा असताना ८ ते २० न्यूटनांत निघावा आणि दहा हजार वेळा लावला-काढला तरी टिकावा, अशी अपेक्षा आहे.

यूएसबी ओढली की निघते. त्यामुळे आपल्याला वाटतं, सगळेच कनेक्टर ओढल्यावर निघतात. बहुतेकांत मात्र दाबपकडीच्या जोडीला एक लॉक असतं: बाहेरचा खटका, आत लपलेली धातूची जिभली, उचलायची प्लास्टिकची पट्टी, फिरवायची रिंग किंवा सोल्डर. लॉक सुटलेलं नसताना लावलेला जोर लॉकवर खर्च होत नाही. तो सगळ्यांत कमजोर भागावर जातो. वायर टर्मिनलातून निसटते, नाहीतर सॉकेट बोर्डापासून उपटून येतं. म्हणून जुना कारागीर कनेक्टर हाती आला की ओढत नाही. भिंग आणि टॉर्च घेतो, चारी बाजूंनी पाहतो आणि लॉक कुठल्या प्रकारचं आहे हे ठरवतो. त्यात दोन मिनिटं जातात. पुढचं काम बहुतेकदा त्याहून कमी वेळात होतं.

लॉक सापडल्यावरही नवखा माणूस एका हाताने खटका दाबतो आणि दुसऱ्या हाताने ओढतो. खटका हलत नाही. दार आपल्याकडे ओढून धरलं की कडी सरकत नाही आणि किंचित ढकललं की सहज सरकते, तसाच हा प्रकार. ओढल्यामुळे खटक्याचा दात खाचेच्या कडेवर घट्ट रुततो आणि जितकं ओढाल तितकं घर्षण वाढतं. उपाय उलटा आहे. कनेक्टर आधी आणखी आत ढकलायचा, दातावरचा ताण गेला की खटका दाबायचा, दाबलेलाच ठेवून मग बाहेर घ्यायचा. मोठ्या चोवीस पिनांच्या जोडापासून दीड मिलिमीटरच्या टर्मिनलापर्यंत हाच क्रम चालतो. या विद्येचं मर्म एवढंच. हत्यार त्याच्या सोयीसाठी येतं.

एरियलचा तुकडा आणि स्टेपलरच्या पिना

आता आतल्या जिभलीकडे येऊ. प्लास्टिकच्या घरात एकेक वायर तिच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टर्मिनलसह अडकवलेली असते. एखादं टर्मिनल जळलं तर पूर्ण वायरिंग बदलायची गरज नसते, तेवढं टर्मिनल मागून काढून नवं बसवता येतं. मात्र टर्मिनलाला बाहेर उमललेल्या जिभल्या असतात आणि त्या घराच्या आतल्या पायरीला अडकून बसतात.

संगणकाच्या जुन्या हार्ड डिस्कला वीज देणारा चार पिनांचा जोड आपल्याकडे सगळे ‘मोलेक्स’ म्हणून ओळखतात. मुळात तो एएमपी या अमेरिकी कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या मेट-एन-लॉक घराण्यातला. गोल पिन आणि तिच्या दोन अंगांना दोन जिभल्या. ती काढायचं अधिकृत हत्यार म्हणजे पातळ भिंतीची नळी. पिनेवरून नळी आत सरकवली की दोन्ही जिभल्या एकदम मिटतात आणि वायर मागून निघते. इथे ट्रान्झिस्टरची एरियल कामाला येते. तिच्यातल्या पितळी नळ्या एकीत एक सरकणाऱ्या, म्हणजे प्रत्येक टप्प्याचा व्यास वेगळा आणि भिंत पातळ. एका मोडक्या एरियलीतून अनेक मापांचा संच मिळतो. २.१३ मिलिमीटरच्या पिनेसाठी आतून जेमतेम तेवढीच मोकळी असलेली नळी निवडायची, कानशीने टोक सरळ करायचं आणि आतली कोर काढून टाकायची. कोर राहिली तर ती जिभली मिटवण्याऐवजी खरवडते.

डेस्कटॉपच्या मदरबोर्डाला जाणाऱ्या चोवीस पिनांच्या जोडात खुद्द मोलेक्स कंपनीची मिनी-फिट ज्युनियर जातीची टर्मिनलं असतात. ती चौकोनी असतात, जिभल्या समोरासमोरच्या दोन बाजूंना. कंपनीचं हत्यार ११-०३-००४४ या क्रमांकाने मिळतं आणि त्याची किंमत पाहिली की छोट्या दुकानदाराला स्टेपलर आठवतो. दोन पिना सरळ करायच्या. वायर मागून आत ढकलून धरायची, समोरून टर्मिनलाच्या दोन अंगांच्या फटींत एकेक पिन सरकवायची, ती तळाला टेकली की वायर हलकेच ओढायची. निघाली नाही तर जोर वाढवायचा नाही. पुन्हा आत ढकलून पिनेची जागा बदलून पाहायची.

लहान कनेक्टरांत हे आणखी सोपं. जपानच्या जेएसटी कंपनीचे अडीच मिलिमीटर अंतराचे एक्सएच कनेक्टर किंवा आपल्या बाजारात ‘रिलीमेट’ नावाने मिळणारे पांढरे कनेक्टर पाहा: घराच्या एका बाजूला खिडक्या असतात आणि त्यांतून प्रत्येक टर्मिनलाची एकुलती एक जिभली दिसते. शिवणाच्या सुईने ती दाबली की वायर बाहेर येते. काळ्या ‘ड्यूपाँट’ जंपर वायरींत उलट आहे. तिथे अडकवणारी जीभ धातूची नसून प्लास्टिकची असते, ती दाबायची नसते, टाचणीने केसभर उचलायची असते. जास्त उचलली की पांढुरकी पडते आणि मग कधीच धरत नाही.

आणखी एक काम हमखास विसरलं जातं. काढलेलं टर्मिनल पुन्हा वापरायचं असेल तर मिटलेली जिभली ब्लेडच्या टोकाने परत उमलवावी लागते. नाहीतर टर्मिनल घरात बसल्यासारखं वाटतं, पण समोरची पिन लागताच मागे सरकतं. असं यंत्र कधी चालतं, कधी बंद पडतं. हा दोष शोधण्यात दिवस जातो. म्हणून टर्मिनल बसवल्यावर ‘टक्’ असा आवाज ऐकायचा आणि वायर एकदा ओढून पाहायची.

मोबाइलातली पट्टी

मोबाइल आणि लॅपटॉपमध्ये वायरींच्या जागी पातळ पट्ट्या असतात. त्या ज्या सॉकेटांत शिरतात त्यांत लावताना बळ लागतच नाही अशी रचना असते. पट्टी नुसती आत ठेवायची आणि वरची झडप किंवा सरकती चौकट बंद करायची. दाब ती झडप देते. झडप कुठे पट्टीच्या बाजूने उघडते, कुठे पाठीमागून, तर कुठे बाहेर सरकते. हे न पाहता पट्टी ओढली तर तिच्यावरचे मार्ग सोलून निघतात आणि चुकीच्या बाजूने झडप उचलली तर तिचे कान तुटतात. नखाएवढ्या त्या झडपेचा सुटा भाग बाजारात मिळत नाही. पूर्ण सॉकेट काढून दुसरं सॉकेट सोल्डर करावं लागतं. ही सॉकेटं मुळात मोजक्या वेळा उघडण्यासाठीच बनवलेली असतात; अनेकांच्या तपशीलपत्रकात हा आकडा दहा ते तीस यांच्या दरम्यान असतो. म्हणजे ‘एकदा उघडून बघू’ हीसुद्धा खर्चाचीच गोष्ट.

दुसरा प्रकार बोर्डावर वरून दाबून बसवलेल्या चपट्या कनेक्टरांचा. बॅटरी आणि डिस्प्ले बहुधा असेच जोडलेले असतात. ते सरळ वर उचलायचे असतात. बाजूने रेटलं की आतल्या बारीक पिना एका ओळीत आडव्या होतात. आणि पहिला मान बॅटरीच्या कनेक्टरचा. तो सुटल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही, कारण चिमट्याचं टोक चुकीच्या दोन जागांना टेकलं तर वीज असलेल्या बोर्डात ते महागात पडतं.

इथली हत्यारं कठीण नसतात, मऊ असतात. परदेशी संचांत नायलॉनची उचकणी मिळते. आपल्याकडे टूथब्रशची दांडी घासून तिला छिन्नीसारखं टोक काढतात, आइस्क्रीमची काडी वापरतात, बांबूची काडी तासून घेतात. चिकटवलेल्या स्क्रीनखाली सरकवायला एक्स-रे फिल्म उत्तम, कारण ती पातळ असते आणि वाकूनही मोडत नाही. नियम साधा आहे: जे वाचवायचं त्याहून हत्यार मऊ हवं, म्हणजे कुणाला झिजायचंच असेल तर हत्याराने झिजावं.

बीएस-६ नंतरचं गॅरेज

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ प्रदूषण नियम लागू झाले आणि दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी इंधन फवारणारा इंजेक्टर, सेन्सर आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा छोटा संगणक आला. पाना-स्क्रू ड्रायव्हरवर आयुष्य काढलेल्या मिस्त्रीसमोर अचानक डझनभर ‘कपलर’ आले. वाहनाच्या कनेक्टरला गॅरेजमध्ये कपलर म्हणतात.

कपलर सुटायला कठीण असण्याची कारणं वेगळी. इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षं राहून प्लास्टिक ठिसूळ होतं. लॉकच्या फटीत चिखल वाळून दगड होतो. पाणी शिरू नये म्हणून बसवलेलं रबरी सील प्लास्टिकला चिकटतं. शिवाय अनेक कपलरांत लॉकलाच दुसरं लॉक असतं: लाल किंवा पिवळी छोटी पट्टी, जी आधी मागे सरकवल्याशिवाय मुख्य खटका दबतच नाही. ती पट्टी न दिसल्याने खटके तुटतात आणि मग कपलर केबल टायने बांधलेली गाडी रस्त्यावर फिरते.

अनुभवी इलेक्ट्रिशियन आधी हवेने किंवा ब्रशने फट साफ करतो. गार इंजिनावर प्लास्टिक कडक असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने ते कोमट करतो. थोड्या उबेने खटका लवचीक होतो. नायलॉनची आणखी एक खोड आहे. हे प्लास्टिक हवेतली आर्द्रता शोषतं. नायलॉन ६६ जातीचं प्लास्टिक मध्यम दमट हवेत वजनाच्या सुमारे अडीच टक्के पाणी धरून असतं आणि त्यानेच त्याला चिवटपणा येतो. पूर्ण सुकलं की ते काचेसारखं तडकतं. त्यामुळे विदर्भातल्या उन्हाळ्यात महिनोन्‌महिने कोरड्या उष्णतेत राहिलेला खटका आणि कोकणातल्या पावसाळ्यातला खटका यांना सारख्या जोराने हाताळणं शहाणपणाचं नाही.

जेसीबी, ट्रॅक्टर, ऊसतोडणी यंत्र अशा अवजड यंत्रांत डॉइच जातीचे कनेक्टर असतात. त्यांच्या तोंडाशी रंगीत प्लास्टिकची पाचर असते आणि टर्मिनलांना जागेवर धरून ठेवायला ती मदत करते. ती काढायला सायकलचा स्पोक घ्यायचा, टोक पकडीने वाकवून आकडा करायचा, पाचरीच्या खाचेत अडकवून सरळ ओढायचं. मग आतली बारीक जिभली बाजूला केली की टर्मिनल मागे सुटतं. बांधावर उभ्या राहिलेल्या यंत्राला शहरातून हत्यार येईपर्यंत थांबवणं परवडत नाही. स्पोक मात्र गावात मिळतो.

फिरणारी रिंग आणि खारा वारा

समुद्राकाठी आणखी एक गिऱ्हाईक येतं: अँटेनाच्या केबलच्या टोकाची आट्यांची रिंग. मच्छीमार बोटींवरच्या रेडिओत, हौशी रेडिओवाल्यांच्या गच्चीवर ही पीएल-२५९ जातीची जोडणी असते. मिठाच्या हवेने आट्यांत हिरवा-पांढरा थर धरतो आणि रिंग जाम होते. पकडीने आवळलं तर रिंग लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते. विमानदुरुस्तीच्या कामात यासाठी मऊ जबड्याची खास पकड असते. तिच्याऐवजी पंक्चरच्या दुकानातला ट्यूबचा तुकडा रिंगेभोवती गुंडाळायचा आणि त्यावरून पकड लावायची. रबर जोर सगळीकडे सारखा वाटतं आणि घसरत नाही. दुसऱ्या हाताने मागचा भाग घट्ट धरायचा, नाहीतर रिंगेऐवजी केबलच पिळवटते. आधी आट्यांवर गंजतेलाचे दोन थेंब टाकून तासभर थांबलं तर बरेचदा हातानेच काम होतं. तेल फक्त आट्यांवर. आतल्या पिनेला आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर तर प्लास्टिकजवळ आणूच नये, त्याने एबीएस आणि पॉलीकार्बोनेटला तडे जातात.

टीव्ही स्टुडिओत अडचण गंजाची नसते, दाटीची असते. पाव फेरा फिरवून सुटणारे बीएनसी कनेक्टर इतके जवळ असतात की दोघांच्या मध्ये बोट जात नाही. त्यासाठी लांब दांड्याचं हत्यार मिळतं. नसलं तर घट्ट बसेल अशी रबरी नळी घ्यायची, केबल आत यावी म्हणून तिला लांबीभर चीर द्यायची, कनेक्टरवर चढवायची, आत दाबायची आणि फिरवायची. इथेही क्रम तोच, कारण आतल्या स्प्रिंगचा ताण गेल्याशिवाय खुंटी खाचेतून निघत नाही.

सोल्डरचं लॉक

जो कनेक्टर बोर्डालाच सोल्डर केलेला असतो त्याचं लॉक उष्णतेने उघडतं. जुनं कथिल-शिशाचं ६३:३७ सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळतं. शिसं वगळलेलं आजचं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे. सगळ्या पिना एकाच वेळी वितळलेल्या असल्याशिवाय कनेक्टर सुटत नाही आणि एक पिन गार असताना उचकलं तर बोर्डाचं तांबं उखडतं. म्हणून कारागीर आधी नव्या सोल्डरवर जुनं शिशाचं सोल्डर चढवतो. मिश्रण कमी तापमानाला वितळतं आणि जास्त वेळ पातळ राहतं. जाड तांब्याची तार कनेक्टरच्या आकारात वाकवून आयर्नच्या टोकावर गुंडाळली की एकाच वेळी अख्खी रांग तापते. सोल्डर टिपायची जाळी संपली तर जुन्या केबल टीव्हीच्या वायरीवरची विणलेली तांब्याची जाळी पेस्टमध्ये बुडवली की तेच काम करते.

इंजेक्शनच्या सुईचं खरं कौशल्य इथे दिसतं. सुई स्टेनलेस स्टीलची, तिला सोल्डर चिकटत नाही. सोल्डर वितळलेलं असताना पिनेवरून सुई छिद्रात सरकवायची, गार होईपर्यंत गोल फिरवत राहायची, मग काढून घ्यायची. पिन मोकळी. पण माप जुळायला हवं. अर्ध्या मिलिमीटरच्या गोल पिनेला आणि एक मिलिमीटरच्या छिद्राला २० गेजची सुई बरोबर बसते. ती बाहेरून सुमारे ०.९ आणि आतून ०.६ मिलिमीटर असते. बर्ग स्ट्रिपची, म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीत ओळीने बसवलेल्या पिनांपैकी, चौकोनी पिन मात्र एका बाजूने ०.६४ मिलिमीटर, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ०.९. तिच्यावरून जाणारी सुई बाहेरून इतकी जाड असते की छिद्रात शिरतच नाही. अशा वेळी सुईचा नाद सोडायचा, कटरने प्लास्टिकची पट्टी कापून काढायची आणि पिना एकेक करून गरम करून उपसायच्या. कनेक्टर जातो, बोर्ड राहतो. दोन रुपयांची स्ट्रिप वाचवताना हजारांचा बोर्ड घालवणाऱ्यांची या धंद्यात कमी नाही. ‘नुकसान न करता’ म्हणताना कशाचं नुकसान, हे आधी ठरवावं लागतं. सुई मात्र औषधाच्या दुकानातून नवीच आणायची, वापरलेली कधीच नाही.

अंतराळातला टूथब्रश

हे सगळं गरिबीचं किंवा आपल्या ‘जुगाडा’चं लक्षण आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने थोडं वर पाहावं. एप्रिल १९९० मध्ये सोडलेल्या हबल दुर्बिणीचं वीज वाटणारं युनिट पुढे कुरकुर करू लागलं. ते अंतराळात बदलायचं म्हणून बनवलेलंच नव्हतं. त्याला ३६ कनेक्टर होते, तेही दाटीवाटीने. ६ मार्च २००२ रोजी जॉन ग्रन्सफेल्ड आणि रिचर्ड लिनेहन यांनी जाड हातमोज्यांनी ते सोडवले आणि नव्या युनिटला जोडले. त्यासाठी दुर्बिणीची वीज उड्डाणानंतर प्रथमच पूर्ण बंद करावी लागली होती. पावणेसात तासांहून थोडा अधिक चाललेला तो अंतराळफेरा म्हणजे मुख्यतः प्लग काढणं आणि लावणं होतं. त्याआधीची तयारी होती सरावाची: कुठला कनेक्टर कुठल्या क्रमाने, कुठल्या बाजूने.

दहा वर्षांनी, ३० ऑगस्ट २०१२ रोजी, सुनीता विल्यम्स आणि अकिहिको होशिदे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर वीज वाटणारी नवी पेटी बसवायला बाहेर पडले. आठ तासांहून अधिक झटूनही एक बोल्ट बसेना. भोकात धातूचा कीस अडकला होता. पेटी तात्पुरती बांधून दोघे आत परतले. मग पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी आणि स्थानकावरच्या मंडळींनी मिळून हत्यारं घडवली: एक टूथब्रशपासून, दुसरं जादा केबलच्या तारांचा ब्रश करून. ५ सप्टेंबरला त्यांनी भोक साफ केलं, वंगण दिलं आणि बोल्ट बसला. जगातल्या अतिशय खर्चीक यंत्राने अडवलं तेव्हा उपयोगी पडलेली वस्तू आपल्या टेबलाच्या खणात आहे. तिथे आणि इथे पद्धतही एकच: आधी अडकलंय कशाने ते पाहा, मग त्या मापाचं हत्यार करा.

जिथे हात आखडायचा

काही लॉक मात्र मुद्दामच अवघड केलेली असतात आणि तिथे घरगुती युक्ती चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेमुळे राज्यातल्या शिवारांत सौर पॅनेल दिसू लागली आहेत. त्यांच्या केबली एमसी-४ कनेक्टरने जोडलेल्या असतात आणि तो उघडायला दोन दातांचा प्लास्टिकचा पाना लागतो. नोजप्लायरच्या टोकांनीही तो उघडतो, म्हणूनच धोका आहे. पॅनेल मालिकेत जोडल्यावर व्होल्टेज शेकड्यांत जाऊ शकतं आणि ऊन असेपर्यंत ते बंद करता येत नाही. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. सौर पॅनेलचा डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. चालू पंपाचा एमसी-४ उघडला तर दोन टोकांमध्ये विजेचा जाळ उभा राहतो, तो प्लास्टिक आणि हात दोन्ही जाळतो. आधी पंप बंद, मग डीसी आयसोलेटर बंद, मगच कनेक्टर. आणि शक्यतो तंत्रज्ञाकडूनच.

वाहनातले पिवळे कपलर एअरबॅगचे. बॅटरी काढल्यावरही त्यांच्या यंत्रणेत काही काळ वीज साठलेली राहते, म्हणून कंपनीच्या पुस्तकात लिहिलेला वेळ थांबावंच लागतं. त्यांच्यावर मल्टीमीटर लावू नये. इलेक्ट्रिक कारच्या नारिंगी केबली प्रशिक्षण नसलेल्याने शिवूच नयेत. आणि टीव्ही किंवा संगणकाच्या पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही सुमारे सव्वातीनशे व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. तो रिकामा झाल्याची खात्री मीटरने करायची, अंदाजाने नाही.

हत्यार कुणाकडे, नकाशा कुणाकडे

वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या कारखान्यात प्रत्येक टर्मिनलासाठी काढणीचं अधिकृत हत्यार असतं. तेच यंत्र पाच वर्षांनी गॅरेजमध्ये येतं तेव्हा ते हत्यार सोबत येत नाही. गमतीची गोष्ट म्हणजे कनेक्टर बनवणाऱ्या कंपन्या काहीच लपवत नाहीत. मोलेक्स, टीई, जेएसटी यांच्या संकेतस्थळांवर कनेक्टरांची रेखाचित्रं, मापं, अनेकदा काढणीच्या हत्याराचा क्रमांकसुद्धा फुकट मिळतो. घराच्या प्लास्टिकवर भिंगाने पाहिलं तर छोटा शिक्का किंवा क्रमांक असतो. त्यावरून रेखाचित्र काढा, जिभली कुठे आहे ते कळतं आणि अंदाजपंचे उचकायची वेळ येत नाही. लपवतो तो अंतिम वस्तू विकणारा. उघडण्याची पुस्तिका तो फक्त आपल्या अधिकृत केंद्राला देतो.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं. युरोपीय संघ त्याच्या पुढे गेला आहे. त्याच्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. त्यासाठी खास हत्यार लागत असेल तर ते वस्तूबरोबर फुकट द्यावं लागेल. काही मोजके अपवाद आहेत, पण तत्त्व मोलाचं आहे: लॉक लावणाऱ्याने किल्ली द्यावी. आपल्याकडचा कायदा होईल तेव्हा त्यात हे एक वाक्य असायला हवं. आणि तोवर आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक अभ्यासक्रमात सोल्डरिंगइतकेच तास कनेक्टर सोडवण्याला मिळाले तरी हजारो बोर्ड वाचतील.

राहिला गिऱ्हाइकाचा प्रश्न. बदललेल्या भागाचे पैसे आपण देतो, कारण तो भाग दिसतो. न तुटलेला खटका आणि न वाकलेली पिन दिसत नाहीत. त्यांच्यासाठी कारागिराने भिंगाखाली घालवलेला अर्धा तास बिलात येत नाही. म्हणून तो घाई करतो आणि घाईत खटके तुटतात. पुढच्या वेळी दुरुस्तीवाला म्हणाला की उघडायलाच वेळ लागेल, उद्या या, तर उद्या जा. आणि त्याने बिलात उघडण्याची मजुरी वेगळी लावली असेल तर तिच्यावर घासाघीस करू नका.